ओट्यावरचे जोडे

आमच्या गावाला नवी घरं नको होती. गाव न्यू जर्सीतलं, एडिसनपासून गाडीने पाऊण तासावर, आणि ‘आमचं’ हा शब्द आम्ही तिथे घर घेतल्यापासून मी जरा जास्तच वापरायला लागले होते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला जुना कालवा, मागे टेकडी, पुढे रेल्वेचे रूळ. या चौघांनी मधे जेवढी जागा सोडली तेवढ्यात दीड-दोनशे वर्षांपूर्वी लोकांनी घरं बांधली आणि जागा संपल्यावर थांबले. नदीवरचा पूल एवढा अरुंद की समोरून गाडी आली तर आपण अलीकडे थांबायचं, तिला जाऊ द्यायचं आणि हात हलवायचा. या हात हलवण्यावरून तिथे माणसाची पारख होत असे. माझ्या नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात पुलावर हॉर्न वाजवला होता, आणि दोन वर्षांनीसुद्धा लोक त्याला हसत हसत त्याची आठवण करून द्यायचे.

घर आम्ही दोन हजार दोनमध्ये घेतलं. एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये वरच्यांची फोडणी आमच्या नाकात आणि आमची खालच्यांच्या, याला मी विटले होते. हे घर लाकडी, पुढे रुंद पोर्च, दाराशेजारी भिंतीवर एक लंबगोल पाटी. गावातल्या प्रत्येक जुन्या घराला अशी पाटी होती आणि तिच्यावर घराच्या पहिल्या मालकाचं नाव आणि धंदा लिहिलेला असे. आमचा पहिला मालक लाकडी पिंपं बनवायचा. घराचे हप्ते आम्ही भरत होतो, पण दारावर नाव पिंपवाल्याचं होतं. आमचं टपालाच्या पेटीवर, तेही बारीक अक्षरांत.

या पाट्या देणाऱ्या बाई सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या. गावच्या हिस्टॉरिक कमिशनच्या त्या प्रमुख होत्या. जुन्या घराच्या खिडकीचा रंग बदलायचा तरी त्यांची परवानगी लागायची. मी घरात त्यांना पाटीवाल्या बाई म्हणायची. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या त्या काळात देशभर प्रत्येक पोर्चवर अमेरिकेचा झेंडा लागलेला होता. आम्हीही लावला, शेजाऱ्यांपेक्षा जरा मोठाच. दुसऱ्या दिवशी पाटीवाल्या बाई आल्या, झेंड्याचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, दांडा मात्र ॲल्युमिनियमचा नको, लाकडी हवा. मी त्याच दुपारी लाकडी आणला.

पुढच्या वर्षी सासरे गेले आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं आणि माझं पटत नव्हतं, आणि ते लपवायचे कष्ट आम्ही दोघींनीही कधी घेतले नाहीत. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या वर्गात शिरल्या की मुली उभ्या राहायच्या, आणि माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या की मीही तसंच उभं राहावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मी भाजी चिरत राहायची.

त्यांचे गुडघे आधीच गेलेले होते. आणि आमच्या त्या सुंदर, ऐतिहासिक, पाटी लावलेल्या घरात बाथरूम एकच होतं, वरच्या मजल्यावर. जिना उभा आणि अरुंद. पहिल्या वर्षी त्या पायरीवर बसून, पाठ जिन्याच्या वरच्या बाजूला करून, हातांच्या जोराने एकेक पायरी मागे सरकत चढायच्या. मी खाली उभी राहून बघायची, कारण हात दिलेला त्यांना खपत नसे. मग तेही होईना. मग त्यांचा पलंग खाली डायनिंग रूममध्ये आला, आणि पडद्याआड ती भोक असलेली खुर्ची आली. त्या खुर्चीखालचं भांडं मी रिकामं करायची. बाकी प्रत्येक गोष्टीवरून आमच्यात शब्दाला शब्द लागायचा, पण त्या भांड्यावरून एकही शब्द कधी झाला नाही. त्या तोंड भिंतीकडे करायच्या आणि मी भांडं घेऊन जिना चढायची.

मग माझ्या लक्षात आलं की त्या पाणी पीत नाहीत. सकाळी चहा, गोळीबरोबर एक घोट, बस. नवरा विचारायचा, तर म्हणायच्या की इथलं पाणी तोंडाला बरं लागत नाही. तो फिल्टर घेऊन आला, मग बाटल्यांचं पाणी आणलं. तो इंजिनिअर आहे, त्याला नेहमी पाण्यातच दोष सापडणार. मला कळलं होतं. भांडं कमी वेळा भरावं म्हणून त्या तहान मारत होत्या. त्या हिवाळ्यात लघवीला जंतुसंसर्ग होऊन त्यांना ताप चढला, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, आणि तिथल्या डॉक्टरने गोड हसून सांगितलं, भरपूर पाणी प्या. सासूबाईंनीही गोड हसून मान डोलावली. घरी आल्यावर परत एक घोट.

उपाय सोपा होता. स्वयंपाकघराच्या मागे सामानाची एक अंधारी खोली होती, ती मागच्या अंगणाकडे थोडी वाढवली की खाली बाथरूम होणार होतं. रस्त्यावरून दिसलंही नसतं. मी पाटीवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी चहा दिला, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्यांच्या स्वतःच्या आईचेही गुडघे असेच होते असं सांगितलं. मग म्हणाल्या की सध्या अर्ज करू नकोस. गावावर संकट आलंय. ते टळेपर्यंत कुणी एक फळीसुद्धा वाढवायची नाही असं आपण ठरवलंय, नाही तर राज्य सरकार म्हणेल, तुमच्याकडे वाढायला जागा आहे की. ते एकदा संपलं की तुझं बघू.

संकट म्हणजे एक आकडा होता. राज्याच्या राजधानीत कुणीतरी गणित मांडलं होतं आणि प्रत्येक गावाने किती नवी घरं होऊ द्यायची हे ठरवून पाठवलं होतं. आमच्या वाट्याला आलेला आकडा असा होता की गाव जवळजवळ दुप्पट झालं असतं. कालव्याकाठी बंद पडलेली एक गिरणी होती, तिच्या जागेवर एक बिल्डर चार-चार मजल्यांच्या इमारती उभारायला टपलेलाच होता. त्या गणितात नदी नव्हती, कालवा नव्हता, आणि दर मोठ्या पावसात आमच्या तळघरात घोट्यापर्यंत पाणी येतं हेही नव्हतं. पूल तर नव्हताच.

मी मुंबईच्या पुढे, कल्याणच्याही पुढच्या एका गावात वाढले. आमच्याकडे आधी इमारती आल्या, मग माणसं आली, आणि पाणी अजून यायचंय. विहिरी बुजवून वर बिल्डिंगा बांधल्या आणि एकेका बिल्डिंगला झऱ्यांची, नद्यांची नावं दिली. माझ्या आईचं अर्धं आयुष्य टँकरच्या रांगेत गेलं. त्यामुळे आकड्याला माझा विरोध होता तो बाथरूमसाठी नव्हता. तो मनापासून होता आणि आजही आहे. कागदावर घरं वाटणाऱ्या माणसाला मी पुलाच्या अलीकडे उभं करून, सगळ्या गाड्या जाईपर्यंत हात हलवायला लावला असता.

विरोधासाठी गावकऱ्यांची एक कमिटी झाली. प्रमुख अर्थातच पाटीवाल्या बाई. मी दारोदार फिरले, सह्या गोळा केल्या, बैठकांना बटाटेवडे केले. ते लोक त्यांना ‘स्पाइसी पोटॅटो थिंग’ म्हणायचे आणि एकटे चार-चार खायचे. वर्तमानपत्रवाला फोटो काढायला आला की मला पुढे ओढलं जायचं. का, ते मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. गोऱ्यांचं गाव बाहेरच्यांना येऊ देत नाही असं बिल्डरचा वकील म्हणायचा, आणि त्याला उत्तर म्हणून मी पहिल्या रांगेत साडी नेसून उभी असायची. साडी नेसून ये हेसुद्धा त्यांनीच सुचवलेलं. मी गेले नेसून. म्हटलं, काम होतंय ना.

एका बैठकीत घोषणा काय करायची यावर तास गेला. ते सगळे वारसा, निसर्ग, शांतता असले शब्द काढत बसले होते. मी म्हटलं, असं लिहा: एका खोलीला हो म्हणालात, तर शंभर खोल्यांना नाही कसं म्हणणार? टाळ्या पडल्या. आठवड्याभरात ते वाक्य पिवळ्या फलकांवर छापून अख्ख्या गावाच्या हिरवळीवर उभं राहिलं. आमच्याही. सासूबाईंनी खिडकीतून बघून विचारलं, काय लिहिलंय. मी मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, वाक्य बरं आहे, कुणी केलं? मी म्हटलं, मी. त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक.

त्या वर्षी गणपती आमच्याकडे होता आणि आरतीचा दिवस रविवारी आला. एडिसनपासून लोक येणार होते, चाळीसेक तरी. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी मिळून दहा गाड्या लागल्या तरी शेजारी पडदा सरकवून बघायचे. पार्किंग हा तर कमिटीचा आवडता विषय, आणि मी कमिटीतली. मी प्रत्येकाला आधी फोन करून बजावलं की गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये लावायची आणि पूल ओलांडून चालत यायचं. म्हाताऱ्यांना नवरा आमच्या गाडीतून दोन-तीन फेऱ्यांत घेऊन आला. गल्लीत एक गाडी दिसू दिली नाही मी. मला त्याचा अभिमान होता, तो मी दिवसभर मिरवला.

नवऱ्याच्या ऑफिसमधला एक मुलगा आला होता, नागपूरचा. व्हिसावर आलेला, एडिसनला तिघांत एक खोली घेऊन राहणारा. त्याने हिरवळीवरचा पिवळा फलक वाचला. हातात पेढा तसाच ठेवून म्हणाला, “काकू, यू डोन्ट माइंड ना? पण तुम्ही लोक आत आलात आणि मागून दार लावून घेताय, यार.”

मी त्याला म्हटलं की दार मी केलेलं नाही, नदीने केलंय, आणि चालत आलास तेव्हा पूल बघितलास ना. तो म्हणाला, बघितला, मस्त आहे. त्याचं म्हणणं मला झोंबलं, म्हणून त्याला मुद्दाम आणखी एक पेढा दिला. गोड खाल्लं की माणूस निदान थोडा वेळ गप्प बसतो. पाटीवाल्या बाईंनाही मी आग्रहाने बोलावलं होतं. त्या आत आल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं की एक पांढऱ्या केसांच्या बाई समोरच्या फुटपाथवर उभ्या होत्या आणि मग गेल्या. मला वाटलं, गर्दी बघून बिचाऱ्या संकोचल्या असतील.

बिल्डरच्या प्रस्तावावरची सुनावणी हिवाळ्याच्या तोंडाशी शाळेच्या जिममध्ये होती. कमिटीने सांगितलं होतं, घरातलं एकूण एक माणूस आणा, हॉल भरलेला दिसला पाहिजे. मी सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. त्यांनी चांगली साडी नेसली, शाल घेतली. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण अमेरिकन माणूस बोलायला लागला की कळायचं नाही. तरी शाळेत गेल्याने त्या खुशीत होत्या. जिमच्या भिंती बघून म्हणाल्या, यांच्याकडे फळा कुठे दिसत नाही.

पाटीवाल्या बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. पूल, पुराचं पाणी, अरुंद रस्ता. मग म्हणाल्या, आता नव्या वस्तीचं म्हणाल तर त्यासाठी कल्पना करायची गरज नाही, दाट वस्ती म्हणजे काय ते गावात आधीच सुरू झालंय. एकेका कुटुंबासाठी बांधलेल्या घरांत आज किती माणसं भरली जात आहेत बघा. आणि पुढचं चित्र आलं.

पोर्च होता. रुंद, लाकडी, आणि त्याच्यावर जोडे. बूट, सँडल, चपला, लहान मुलांचे दिवे लागणारे बूट, पायऱ्यांवरसुद्धा उतरत आलेले. घराच्या पाटीवर काळा चौकोन टाकलेला होता. बाई सांगत होत्या की हा एका रविवार दुपारचा फोटो आहे, त्यांनी स्वतः उभं राहून जोड मोजलेत, ते चाळीसच्या वर आहेत. कुणाला वाटेल पाहुणे असतील. पण रस्ता बघा. पूर्ण रस्त्यावर एकही गाडी नाही. पाहुणे आकाशातून पडत नाहीत. ही माणसं तिथे राहतात.

हॉलमध्ये ‘शी’ म्हणतात तसा एक आवाज झाला, किळस आणि समाधान एकत्र असलेला. तेवढ्यात शेजारून सासूबाई आनंदाने म्हणाल्या, “अगं, हा आपला ओटा! ती बघ माझी सँडल, पट्टा वाढवलेली. आपल्या गणपतीचा फोटो लावलाय यांनी.”

त्यांनी पडद्याकडे बघून हात जोडले. पुढच्या रांगेतली दोन माणसं वळून त्यांच्याकडे बघून हसली, आणि त्याही त्यांच्याकडे बघून हसल्या. अख्ख्या अमेरिकेत त्यांना इतकं मानाने कुणी वागवलं नव्हतं, असं त्यांचं तोंड झालं होतं. ते तोंड मला आजही नको वाटतं.

यानंतर बोलायची पाळी माझी होती. माइकसमोर जाऊन नियमाप्रमाणे आधी आपलं नाव आणि पत्ता सांगावा लागतो. मी सांगितला, आणि म्हटलं, तो फोटो या पत्त्याचा आहे. ते जोडे पाहुण्यांचे आहेत. आम्ही घरात जोडे घालून जात नाही. गाड्या नव्हत्या, कारण त्या मीच स्टेशनवर लावायला सांगितल्या होत्या, तुमच्यासाठी. अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, मॅडम, फोटो हा आजचा विषय नाही, प्रस्तावावर बोला, तुमची वेळ चाललीय. मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर पूल, सांडपाणी आणि पूर याबद्दलचे माझे मुद्दे होते, आणि ते खरे होते. मी ते वाचले. त्या संध्याकाळी सर्वांत जास्त टाळ्या मला पडल्या.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मी पाटीवाल्या बाईंना गाठलं. माझा आवाज चढला होता, त्यांचा नाही. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “डिअर, आम्ही पाटी झाकली होती. तू सांगितलं नसतंस तर कुणाला कळलंच नसतं.”

मी विचारलं, पण तुम्हाला माहीत होतं की ते पाहुणे आहेत. त्यावर त्या म्हणाल्या, फोटो परिणामकारक होता, आणि आपण दोघी एकाच बाजूला आहोत ना. त्यांच्या चेहऱ्यावर लाज शोधायचा मी खूप प्रयत्न केला. नव्हतीच तर सापडणार कुठून.

पत्ता मी माइकवर सांगितला होता, म्हणजे तो रेकॉर्डवर गेला होता. दोन आठवड्यांत गावचा झोनिंगचा, म्हणजे घरांच्या वापराचे नियम बघणारा, अधिकारी दारात आला. सभ्य माणूस, बूट काढू का म्हणून विचारणारा. कुणीतरी तक्रार केली होती की या घरात मर्यादेबाहेर माणसं राहतात. त्याने खोल्या बघितल्या. डायनिंग रूममध्ये पलंग बघून थबकला. सासूबाईंनी त्याला नमस्कार केला. मग तो माळ्यावर गेला, आणि तिथे आमच्या गाद्या होत्या. पाहुण्यांसाठीच्या, एकावर एक रचलेल्या, वर चादर घातलेल्या, कुठल्याही मराठी घरात असतात तशा. त्याने त्या एकेक करून मोजल्या. मी सांगितलं की या जमिनीवर घालायच्या असतात, कधीमधी, लोक आले की. तो म्हणाला, येस मॅम, आणि लिहून घेतलं की माळ्यावर आणखी झोपायची सोय आहे. खोटं काही लिहिलं नाही त्याने.

बिल्डर शेवटी मागे हटला. आकडा कुठल्याशा तडजोडीत एवढा खाली आला की गिरणी होती तशीच राहिली. गावाने पुलाजवळच्या हिरवळीवर गरम सफरचंदाचा रस पिऊन आनंद साजरा केला. मी गेले नाही. नवरा गेला, कारण कुणाशी वाकडं घेऊन राहायचं नाही असं त्याचं तत्त्व आहे. तत्त्व कसलं, सवय आहे. येताना तो माझ्यासाठी कागदी पेल्यात रस घेऊन आला होता. मी तो त्याच्यासमोर सिंकमध्ये ओतला.

संकट टळलं, म्हणून मी बाथरूमचा अर्ज केला. डॉक्टरचं पत्र जोडलं, आराखडा जोडला. कमिशनसमोर उभी राहिले तेव्हा पाटीवाल्या बाई मधल्या खुर्चीत होत्या. त्यांनी सांगितलं की सासूबाईंबद्दल सगळ्यांना सहानुभूती आहे. पण त्या घराबद्दल झोनिंग खात्याकडे तक्रार नोंदलेली आहे. माळ्यावर झोपायची सोय आहे, खाली पलंग आहे, आणि आता आणखी एक बाथरूम मागितलं जातंय. उद्या ते भाड्याने दिलं जाणार नाही कशावरून? मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, आपल्याच मोहिमेतलं एक वाक्य मला आठवतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते अर्जदारबाईंचंच आहे. एका खोलीला हो म्हणालात, तर शंभर खोल्यांना नाही कसं म्हणणार?

कमिशनमधले दोघं कौतुकाने माझ्याकडे बघून हसले. काय सुंदर वाक्य, असं. अर्ज एकमताने नामंजूर झाला.

माझं वाक्य बरोबरच होतं. गिरणीच्या मैदानावरच्या चार मजल्यांसाठी होतं ते. एका म्हातारीच्या लघवीसाठी नव्हतं. हा फरक ज्यांना कळत नाही ते मूर्ख नसतात. त्यांना तो कळतो आणि कुठे विसरायचा हेही कळतं. मी तिथे हे म्हटलं नाही. मी थँक यू म्हटलं. या देशात नाही ऐकल्यावर थँक यू म्हणतात.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं की परवानगी मिळाली नाही. का, ते सांगितलं नाही, पण त्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की कुणाच्या चपलांवरून झालं का गं काही. मी म्हटलं, नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, आणि तसंच भिंतीकडे बघत म्हणाल्या, “मी धाकट्याकडे जाते. तुझी सुटका होईल.”

धाकटा दीर शिकागोजवळ शॉमबर्गला राहायचा, हायवेच्या कडेला एका नव्या, प्रचंड कॉम्प्लेक्समध्ये. सगळ्या इमारती सारख्या, सगळी दारं सारखी, मधे पार्किंगचं मैदान. आम्ही दोघी त्याची एकदिलाने टिंगल करायचो. त्या त्याला खोका म्हणायच्या. आमचं पटायचं अशा मोजक्या गोष्टींपैकी ती एक. आता जावेचा फोन आला. अगदी प्रेमाने म्हणाली, “पाठवा ना हो वहिनी. आमच्याकडे काय, दोन-दोन बाथरूम आहेत, लिफ्ट आहे. तुमच्यासारखं ऐतिहासिक काही नाही.” ती हे वाक्य बहुतेक आठवडाभर घासूनपुसून ठेवत होती. मी तिला ते फुकटात म्हणू दिलं.

सासूबाई गेल्या त्या दिवशी नवऱ्याने आणि मी त्यांना खुर्चीसकट पोर्चच्या पायऱ्यांवरून उचलून खाली आणलं. समोरच्या घराचा पडदा सरकला. सासूबाईंनी त्या पडद्याकडे बघून हात हलवला, पुलावर हलवतात तसा. कुठून शिकल्या होत्या कोण जाणे. मला तर त्या रस्त्याकडे बघतसुद्धा नाहीत असं वाटायचं.

त्यानंतर आमच्याकडे कुणी आलं की मी जोडे आत घ्यायला लावते. दाराच्या आत एक मोठं खोकं ठेवलंय, त्यात. लोक विचारतात, काकू, बाहेर का नको. मी म्हणते, खारी पळवतात.

पंधरा दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. आवाज चांगला खणखणीत होता. त्यांनी आधी नवऱ्याची चौकशी केली, मग जावेच्या हातच्या आमटीला नावं ठेवली, तेव्हा मला जरा बरं वाटलं. मग शाळेतल्या एखाद्या मुलीला हळूच काही सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, “पाणी पिते गं मी इथे. पोटभर. रात्रीसुद्धा पिते.”

रिसीव्हर कानाला लावून मी खिडकीशी गेले. बाहेर हिरवळीवरचा पिवळा फलक दिसत होता, काढायचा राहिला होता.

“आणि तुमचं ते गाव?” त्यांनी विचारलं. “वाचलं का शेवटी?”

“वाचलं, आई,” मी म्हटलं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “तू फार खपलीस त्यासाठी.”